परखड की फटकळ? बिली पॅकरला कोणता शब्द लावायचा

प्रश्न नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावाहून आला आहे. विचारणारे गृहस्थ तिथं बरीच वर्षं राहतात आणि कॉलेज बास्केटबॉलचे वेडे आहेत. बिली पॅकर हा टीव्हीवरचा जुना समालोचक २६ जानेवारी २०२३ रोजी गेला, तेव्हा त्यांनी मराठी मित्रमंडळींसाठी चार ओळी लिहिल्या आणि त्यात त्याला ‘परखड समालोचक’ म्हटलं. एका मित्रानं लगेच टोकलं, “परखड कसला? फटकळ म्हण.” घरात वहिनींचं मत पडलं ‘स्पष्टवक्ता’. वाद अजून मिटलेला नाही. तर या शब्दांत फरक काय, आणि पॅकरला यातला कोणता शोभतो?

अशा वेळी मी शब्दकोश नंतर उघडतो. आधी शब्दाचे शेजारी कोण आहेत ते बघतो. परखड मत, परखड लेख, परखड परीक्षण, परखड सवाल. आता तिथंच ‘फटकळ’ घालून बघा. फटकळ लेख? फटकळ परीक्षण? कान नको म्हणतो. फटकळ असते बाई, फटकळ असतं तोंड, फार तर स्वभाव. म्हणजे ‘परखड’ बहुधा बोललेल्या गोष्टीला चिकटतो, आणि माणसाला लावला तरी त्याच्या मतांमुळे लावलेला असतो. ‘फटकळ’ जिभेला चिकटतो.

दुसरी खूण ‘पण’ची. “ती जरा फटकळ आहे, पण मनानं वाईट नाही.” हे वाक्य आपल्याकडे इतकं घडीव आहे, की पहिला अर्धा भाग ऐकला की दुसरा आपोआप तोंडात येतो. ‘फटकळ’मध्ये तक्रार आहे आणि माफीही आहे. “तो परखड लिहितो, पण मनानं वाईट नाही” असं कुणी म्हणालं तर आपण त्याच्या तोंडाकडे बघत राहू. परखडपणाला माफीची गरजच नसते.

आमच्या वाड्यात एक मावशी होत्या. हळदीकुंकवाला कुणीतरी हौसेनं केलेला डिंकाचा लाडू त्यांनी उचलला, एक घास तोडायचा प्रयत्न केला आणि म्हणाल्या, “चव झकास आहे गं, दात तेवढे तुझे दे.” करणारीचं तोंड एवढंसं झालं. हे फटकळ. त्याच मावशींनी गणपतीच्या हिशेबाच्या बैठकीत खजिनदाराच्या तोंडावर विचारलं, “मंडपाचे पैसे दोनदा लावलेत, ते का?” सगळे पुरुष वहीत बघायला लागले. हे परखड. बाई तीच, आवाजही तोच. पण दुसऱ्या वाक्याला समोरच्याकडून उत्तर देता येत होतं. लाडूवालीनं काय उत्तर द्यायचं?

‘स्पष्टवक्ता’बद्दल फार लिहीत नाही. हे प्रमाणपत्र बहुधा माणूस स्वतःच्याच हातानं स्वतःला देतो. “मी आपली स्पष्ट बोलते हं” असं कानावर आलं, की पुढे काय येणार ते आपल्याला ठाऊक असतं.

आता पॅकर. ज्यांनी त्याला ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या संघातला गार्ड, म्हणजे चेंडू खेळवणारा खेळाडू, १९६२ मध्ये त्याचा संघ देशातल्या शेवटच्या चारांत, म्हणजे फायनल फोरमध्ये पोचला होता. पुढे तिथंच सहायक प्रशिक्षक, आणि १९७२ पासून माइकसमोर. १९७५ ते २००८ अशा सलग ३४ फायनल फोरचं समालोचन त्यानं केलं, आधी एनबीसी या वाहिनीवर आणि मग सीबीएसवर. १९७९ चा मॅजिक जॉन्सन विरुद्ध लॅरी बर्ड हा प्रसिद्ध अंतिम सामना लोकांनी त्याच्या आवाजात ऐकला. तेव्हा सोबत समालोचक डिक एन्बर्ग आणि माजी प्रशिक्षक अल मॅग्वायर होते. मॅग्वायर गमत्या आणि पॅकर चिकित्सक. दोघे थेट प्रक्षेपणातच भांडत आणि एन्बर्ग मधे उभा.

इथं एक आडवाट घेतो. आपल्याकडे क्रिकेट समालोचक बाळ ज. पंडितांसारख्यांनी जे घराघरांत नेलं ते ‘धावतं समालोचन’: चेंडू टाकला, मारला, धाव निघाली. अमेरिकन टीव्हीवर हे काम एकाचं, आणि तो फटका चुकीचा का होता हे सांगायचं काम दुसऱ्याचं. पॅकर हा दुसरा. ‘समालोचन’ म्हणजे मुळात नीट सर्व बाजूंनी पाहणं, त्यामुळे शब्द खरं तर त्यालाच जास्त लागू पडतो. बचाव कुठं फुटतोय, कोणता पास द्यायला नको होता, हे तो खेळाडूच्या आधी बघायचा. एवढं त्याच्यावर चिडणारेही कबूल करायचे. चिडायचे ते सुरावर. डिक व्हायटेल या दुसऱ्या समालोचकासारखा उसळता उत्साह ऐकायची सवय असलेल्यांना पॅकर म्हणजे वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायला बसलेला मास्तर वाटायचा.

परखडपणाची दोन उदाहरणं तर नावाजलेली आहेत. २००४ मध्ये फिलाडेल्फियाच्या सेंट जोसेफ्स विद्यापीठाला राष्ट्रीय स्पर्धेत अव्वल मानांकन मिळालं. तोवर त्यांनी एकच सामना हरला होता. पॅकर म्हणाला, हे मानांकन त्यांच्या लायकीचं नाही. त्यांचे प्रशिक्षक फिल मार्टेली भडकले आणि त्यांनी चारचौघांत म्हणू नये असं उत्तर दिलं. पुढे सेंट जोसेफ्स शेवटच्या आठांत पोचून ओक्लाहोमा स्टेटकडून ६४-६२ असे हरले. दोन गुणांचा फरक. दोन्ही बाजूंना आपलंच खरं म्हणायला पुरेसा.

२००६ चं प्रकरण याहून रंगतदार. स्पर्धेचे संघ जाहीर झाले त्या संध्याकाळी निवड समितीचे अध्यक्ष क्रेग लिटलपेज मुलाखतीला आले, आणि पॅकर व त्याचा सहसमालोचक जिम नँट्झ यांनी त्यांना अक्षरशः कोंडीत पकडलं. मिसुरी व्हॅली या विद्यापीठांच्या लहान गटातून चार संघ, आणि ड्यूक, नॉर्थ कॅरोलायना असलेल्या बलाढ्य एसीसी गटातूनही चारच? हे कसं? सवाल तोंडावर, मुद्द्याला धरून, उत्तर देता येईल असा. मावशींचा मंडपच. मग झालं काय, तर अशाच एका लहान गटातला, अकरावं मानांकन असलेला जॉर्ज मेसन संघ मिशिगन स्टेट, आदल्या वर्षीचे विजेते नॉर्थ कॅरोलायना, विचिटा स्टेट आणि कनेटिकट या सगळ्यांना हरवून थेट फायनल फोरमध्ये! पॅकर सपशेल तोंडावर आपटला.

तुमच्या मित्राचं म्हणणं, चुकीचं बोलला तो परखड कसा? माझं म्हणणं, ‘परखड’चा बरोबर असण्याशी करारच नाही. परखड टीका साफ चुकीची असू शकते. भीड न ठेवता, आडपडदा न ठेवता, कारण देऊन बोललं की झालं परखड. आपण हा शब्द बरोबर ठरलेल्यांसाठी राखून ठेवतो, पण ती आपली लबाडी आहे.

आता तुमच्या मित्राची खरी जखम. ते चॅपेल हिलचे, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे, असं तुम्हीच लिहिलंय. मग ५ एप्रिल २००८ ची सॅन अँटोनियोतली उपांत्य फेरी ते विसरणार नाहीत. कॅन्सस ३८-१२ पुढे, पूर्वार्धसुद्धा संपलेला नाही, आणि पॅकर सांगून मोकळा: सामना संपला. नंतर कॅरोलायनानं तूट चार गुणांवर आणली. शेवटी कॅन्ससनं ८४-६६ जिंकलं, म्हणजे पॅकर बरोबर ठरला. पण मधली ती वीसेक मिनिटं चॅपेल हिलवाल्यांनी त्याला काय काय म्हटलं असेल! हे फटकळ नाही आणि परखडही नाही. याला आपल्याकडे सुरेख शब्द आहे: रोखठोक. बाजारातला शब्द. उधारी नाही, निकाल लागेपर्यंत थांबणं नाही, जे वाटलं ते आत्ता गल्ल्यावर. रोखीच्या माणसाला तोटाही रोखीनंच होतो. ती त्याची शेवटची फायनल फोर ठरली. त्याच उन्हाळ्यात सीबीएसनं त्याच्या जागी क्लार्क केलॉगचं नाव जाहीर केलं.

‘फटकळ’चं काय? एक प्रसंग मित्राच्या बाजूचा वाटेल. २००० साली ड्यूक विद्यापीठाच्या मैदानाच्या दारात दोन विद्यार्थिनींनी त्याच्याकडे ओळखपत्र मागितलं. पुरुषांच्या सामन्याला कुणाला सोडायचं हे बायका कधीपासून ठरवायला लागल्या, अशा अर्थाचं तो बोलला आणि नंतर त्यानं माफी मागितली. इथं मी ‘फटकळ’ही देणार नाही. त्या शब्दातली माया इथं फुकट जाते. मुली नेमून दिलेलं काम करत होत्या. शब्द ‘उद्धट’.

आणि १९९६ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठाच्या ॲलन आयव्हर्सनचं कौतुक करताना तो त्याला ‘चिवट माकड’ म्हणून गेला. मराठीत आपण पोराला लाडानं “माकडा!” म्हणतो, पण अमेरिकेत काळ्या खेळाडूच्या बाबतीत त्या शब्दामागे किती जुना विखार आहे, हे तुम्हाला तिथं राहून माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्यानं माफी मागितली, आणि आयव्हर्सनचे प्रशिक्षक जॉन थॉम्पसन यांनीही त्याची बाजू घेतली. याला जीभ घसरणं म्हणतात. उचलली जीभ, लावली टाळ्याला. फटकळ माणूस जे बोलायचं तेच बोलतो. जीभ घसरलेला नको ते बोलतो.

एक शब्द मात्र त्याला कधीच लावता येणार नाही: खवचट. आमच्या पुण्यात बरेच लोक खवचटपणा करून स्वतःला परखड समजतात. खवचट बोलणं तिरकं जातं, लागलं तर लागलं, नाही तर “मी तसं कुठं म्हणालो?” पॅकरचं कधी तिरकं नव्हतं. म्हणूनच ड्यूकवाले म्हणायचे हा कॅरोलायनाचा, कॅरोलायनावाले म्हणायचे हा ड्यूकचा, आणि एसीसीच्या बाहेरचे सगळे म्हणायचे हा एसीसीचा.

तर तुमच्या चार ओळींत ‘परखड’ राहू द्या. मित्रांना त्यांचा ‘फटकळ’ हवाच असेल, तर पुढचं वाक्य ‘पण’नं सुरू करून त्यांच्याकडूनच लिहून घ्या. चॅपेल हिलच्या माणसाला ते जड जाईल. वहिनींना नमस्कार सांगा. आणि तुमच्या टिपणात दोन ठिकाणी ‘समलोचक’ झालंय, तिथं काना द्या.