लीगचा हंगाम आणि अकरावीचे वर्ष

प्रश्न : माझी मुलगी १६ वर्षांची असून अकरावी विज्ञान शाखेत शिकते. २१ वर्षांखालील महिला हॉकी लीगसाठी तिची संघात निवड झाली आहे. सामने दिल्लीत टप्प्याटप्प्याने होणार असल्यामुळे कॉलेजच्या चाचण्या बुडतील. तिला पाठवावे का? – एक आई, जिल्हा सातारा

सप्रेम नमस्कार,

माझे मत स्पष्ट आहे : तिला पाठवा, आणि एका टप्प्यापुरते नव्हे, तर पूर्ण हंगामासाठी पाठवा. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्लीच्या मेजर ध्यानचंद राष्ट्रीय स्टेडियमवर २१ वर्षांखालील मुलींची खेलो इंडिया लीग सुरू झाली, त्याआधी या वयाच्या मुलींना बाद फेरीतला एखादा सामना हरला की बॅग भरून घरी परतावे लागे. लीगमध्ये हरल्यावरही पुढचा सामना असतो, आणि दोन टप्प्यांच्या मधल्या काळात आपली चूक सुधारून पुन्हा मैदानात उतरता येते. खेळाडू घडते ती याच मधल्या काळात.

तुमच्याच जिल्ह्यातील फलटण तालुक्याच्या वैष्णवी फाळके हांगझोऊ आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होत्या. म्हणून प्रत्येक मुलगी तिथवर पोहोचेल असे मी म्हणणार नाही. मात्र गावाकडून निघालेली वाट तिथपर्यंत जाते, एवढे तुम्ही खात्रीने धरून चाला.

आता हंगामाकडे कसे पाहावे ते सांगतो. संघात १८ मुली असतात, मैदानात ११ आणि सामना १५ मिनिटांच्या चार सत्रांचा. खेळाडू कितीही वेळा बदलता येत असल्याने केवळ निवडीवरून फारसे काही कळत नाही. ती किती मिनिटे खेळली, आणि चौथ्या सत्रात, गोल बरोबरीत असताना, प्रशिक्षकांनी तिला मैदानात ठेवले की बाकावर बसवले, हे प्रत्येक टप्प्यानंतर तिला विचारा आणि वहीत लिहून ठेवा. मातीच्या मैदानावर वाढलेल्या मुलीला पाणी मारलेल्या टर्फवर सुरुवातीला चेंडू स्टिकवर थांबवताच येत नाही, तो सरकन निसटून जातो. तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या खेळावरून तिचे भवितव्य ठरवू नका.

अकरावीची परीक्षा कॉलेज पातळीवरच होते, त्यामुळे निघण्यापूर्वी निवडीचे पत्र घेऊन प्राचार्यांना भेटा आणि बुडणाऱ्या चाचण्या नंतर घेण्याची लेखी विनंती करा. सीईटीला अकरावीचाही अभ्यासक्रम असतो, म्हणून भौतिकशास्त्र आणि गणित या दोन विषयांची पुस्तके तिच्या बॅगेत असू द्या. सगळा अभ्यास प्रवासात होईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र त्यासाठी चालतेच असे नाही. या लीगचे चालते का, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात हंगाम सुरू होण्यापूर्वीच विचारून घ्या, आणि प्रमाणपत्र हाती येताच त्यावरील नाव व जन्मतारीख दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळते का ते पाहा.