शंभरपर्यंत म्हणतो, पण चार चमचे देता येत नाहीत

प्रश्न : ताई, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणतो. पण 'चार चमचे आण' म्हटलं की मूठभर आणतो. काही अडचण असेल का?
– एक आई, सातारा

उत्तर : घाबरू नका, या वयात असंच होतं. अंक ओळीने म्हणणं हे पाठांतर. मोजताना शेवटी आलेला अंक म्हणजे एकूण वस्तू, ही समज वेगळी. ती हळूहळू येते : आधी एक, मग दोन, मग तीन. म्हणून शंभर सध्या बाजूला ठेवा. पानं घेताना प्रत्येक ताटात एक वाटी त्याला ठेवू द्या. वाटी कमी पडली, तर 'कुणाची राहिली?' एवढंच विचारा आणि थांबा. उत्तर तुम्ही सांगू नका, त्याचा विचार चालू असतो!

महागडी खेळणी कशाला? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, ते शिंपले, बिया, पानं घेऊन. मी बालवाडीत चिंचोके वापरायचे. मात्र मुलं ते तोंडात घालतात, जवळ बसा.

पाच पूर्ण झाल्यावरही तीन वस्तू मोजून देता आल्या नाहीत, तर बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा.