पाटीवरचं १९४० आणि वहीतलं पहिलं लेकरू

तुमचा प्रश्न असा आहे: परभणी जिल्ह्यातल्या तुमच्या गावच्या बालसदनाच्या पाटीवर 'स्थापना १९४०' लिहिलंय, आजोबा संस्थापकांपैकी होते असं घरात सांगतात. तर निजामाच्या काळात मराठवाड्यात अशा संस्था खरंच होत्या का, आणि हा सुरुवातीचा इतिहास शोधायचा कुठे?

१९४० वाचलं आणि मला हसूच आलं. राग मानू नका, आमच्याकडंही हेच झालं होतं.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिक्षक होतो आणि तिथल्या बालसदनाचा अकरा वर्षं सचिव. मी कार्यकारिणीत यायच्या आधी, १९९० साली, संस्थेनं सुवर्णमहोत्सव केला होता. मांडव, स्मरणिका, शाली-नारळ सगळं झालं. पुढं सचिवपदासोबत माझ्याकडं एक पत्र्याची पेटी आली. तिच्यात नोंदणीचं प्रमाणपत्र होतं. वर कायद्याचं नाव होतं, 'हैदराबाद सार्वजनिक संस्था नोंदणी कायदा, १३५० फसली'. फसली म्हणजे निजामाच्या राज्यातली सरकारी कालगणना. कुणीतरी ते १३५० धरलं, त्यात ५९० मिळवले, १९४० आले, पाटी रंगवली. पण ते साल कायद्याचं होतं, संस्थेचं नव्हे. संस्थेची तारीख खाली शिक्क्याच्या आड होती, १९५५ ची. हैदराबाद संस्थान भारतात आल्यावरही काही वर्षं मराठवाड्यातल्या संस्था त्याच जुन्या कायद्याखाली नोंदल्या जात होत्या. म्हणजे पस्तीस वर्षांच्या संस्थेचा आम्ही सुवर्णमहोत्सव केला होता. बैठकीत हे सांगितलं तर एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "सर, झालं ते झालं, आता पाटी कशाला खोडता?" पाटी अजून तशीच आहे.

तेव्हा आधी तुमच्या प्रमाणपत्राचा तळ वाचा. खाली खरंच फसली तारीख असेल तर हिशोब असा करा: हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून सुरू व्हायचं. ऑक्टोबर ते डिसेंबरमधली तारीख असेल तर ५९० मिळवायचे, जानेवारीनंतरची असेल तर ५९१. पोलीस ॲक्शन, म्हणजे हैदराबाद संस्थानावरची भारतीय सैन्याची कारवाई, झाली सप्टेंबर १९४८ मध्ये, तेव्हा १३५७ फसली चालू होतं. यावरून ताळा करून बघा.

आता १९४० साली अशी संस्था असू शकत होती का? असू शकत होती, पण 'संस्था' या नावानं उभी राहणं अवघड होतं. १९२४ पासून खासगी शाळा काढायलासुद्धा सरकारची परवानगी लागायची. १९२९ च्या गश्ती निशाण ५३ नं, म्हणजे ५३ क्रमांकाच्या सरकारी परिपत्रकानं, तर सभा भरवण्यावरच बंधनं आणली. चार माणसं जमून मंडळ काढतो म्हणाली की पोलीस पाटलाच्या कपाळाला आठ्या. त्यामुळं जे काम झालं ते वाचनालय, भजनी मंडळ, बोर्डिंग अशा नावांच्या आडून झालं. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परग्याची १९२१ ची राष्ट्रीय शाळा, जिथं पुढं स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक झाले, ती शिक्षणाची आणि चळवळीची शाळा म्हणूनच आपल्याला ठाऊक आहे. पण घर सोडून आलेली पोरं तिथं राहत, जेवत होतीच की. सरकारी अनाथालय म्हणाल तर ते राजधानीत, हैदराबादला सरूरनगरचं व्हिक्टोरिया मेमोरियल. मिशनऱ्यांचं काम त्याहून जुनं. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकातच बेथेल ही वसाहत वसवली होती.

बाकी गावोगाव काय होतं? भावकी, मामाचं घर, एखादा मठ. आणि पाटलाच्या वाड्यावर गुरांमागं. 'आम्ही त्याला सांभाळलं' असं जुनी माणसं अभिमानानं सांगतात, तेव्हा मी हळूच विचारतो, शाळेत घातलं होतं का? बहुधा विषय बदलतो.

रजाकारांच्या धामधुमीत सीमेवरच्या गावांतली कुटुंबं बार्शीकडं, नगरकडं पळाली, आणि पोलीस ॲक्शननंतरच्या हिंसाचारात मुसलमान वस्त्यांतली लेकरं उघडी पडली. या हिंसाचाराची पाहणी करायला सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं सर्वांत जास्त झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत, उरलेले दोन गुलबर्गा आणि बीदर. आमच्या संस्थेच्या स्मरणिकेत या दोन वर्षांवर एक ओळ नाही. तुमच्याकडं असेल तर जपून ठेवा.

खऱ्या अर्थानं संस्था उगवल्या त्या पन्नाशीत. १९५१ मध्ये हैदराबाद राज्याचा बालकायदा झाला. १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ आलं. त्याची छोटी छोटी अनुदानं महिला मंडळांना, बालवाड्यांना मिळू लागली. अनुदान हवं तर नोंदणी हवी, म्हणून तोवर कुणाच्या तरी ओसरीवर चाललेलं काम कागदावर आलं.

आमच्याकडं ती ओसरी कन्याशाळेतल्या एका विधवा बाईंची होती. पेटीत त्यांची एक वही सापडली, लाल कापडी बांधणीची, १९५० पासूनची. काही रकमांपुढं 'हाली' (निजामाचा रुपया) लिहिलंय, काहींपुढं 'कलदार' (भारत सरकारचा रुपया). सात हाली म्हणजे सहा कलदार, तेव्हा वाचताना तेही लक्षात ठेवावं लागतं. पहिल्या पानावर नाव नाही. 'मुलगा, वय अंदाजे ४, बोलत नाही, सदरा नाही.' खाली त्या आठवड्याची ज्वारी, गूळ आणि एका सदऱ्याचं कापड. गावातल्या बाया दळण करताना मूठभर धान्य बाजूला काढायच्या, त्या मुष्टिफंडाचा हिशोबही त्याच वहीत आहे. १९५५ च्या अर्जावर मात्र सह्या कुणाच्या, तर वकील, डॉक्टर, दोन आडत दुकानदार, मुख्याध्यापक. बाईंची सही कुठंच नाही. पुढच्या प्रोसिडिंग बुकात, म्हणजे बैठकांच्या इतिवृत्तात, त्या 'स्वयंपाकघर देखरेख' या कामापुढं येतात, तेही एकदाच.

म्हणून माझं म्हणणं असं की बालसदनाचा इतिहास प्रोसिडिंगमध्ये शोधू नका. प्रोसिडिंग म्हणजे 'सर्वानुमते मंजूर'. इतिहास दोन वह्यांत असतो: प्रवेश रजिस्टर आणि कोठी रजिस्टर, म्हणजे धान्याची वही. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

आमच्या प्रवेश रजिस्टरात मला सगळ्यात मोठा धक्का बसला तो 'अनाथ' या शब्दाचा. पाटीवर अनाथ बालकाश्रम, आणि रजिस्टरात पान उलटत जाल तसं 'आई हयात, मजुरीस', 'वडील परागंदा', 'आई दवाखान्यात'. आई-बाप दोन्ही गेलेली मुलं मोजकीच. बहुतेकांची आई जिवंत होती आणि तिला पोट भरायला गाव सोडावं लागत होतं.

१९७२ च्या दुष्काळात तर रजिस्टरच फुगलं. एरवी वर्षाला दहाबारा नावं, त्या वर्षी दोन महिन्यांत पानं संपली, पुढची नावं जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं. बाया खडी फोडायला, पाझर तलावाच्या कामावर जायच्या. तान्हं पोर कामावर, झोळीत; चालतं-बोलतं आमच्याकडं. आमच्या जुन्या स्वयंपाकीणबाई सांगायच्या, "लेकरू ठिवून जायची अन् म्हनायची, पाऊस पडला की येते." कोठीच्या वहीत ज्वारीचा रकाना हळूहळू रिकामा होतो आणि तिथं 'मिलो' येतो, ती अमेरिकेची लाल ज्वारी, मग 'सुकडी', दुष्काळात वाटलेला कोरडा पौष्टिक खाऊ. त्या वर्षी लोकांनी धान्य देणं बंद केलं असेल असं मला वाटलं होतं. तसं नाही. मुष्टिफंड चालूच आहे, फक्त पायलीच्या जागी चिपटं, म्हणजे बरंच लहान माप, आलंय. आणि पुढच्या पावसाळ्यानंतर बहुतेक नावांपुढं 'आईच्या स्वाधीन' असा शेरा आहे. काहींपुढं नाही.

हीच गत पुढं ऊसतोडीची. दसरा झाला की टोळ्या निघतात, पाडव्याच्या पुढंमागं परततात, आणि मधल्या महिन्यांत लेकरू कुठं ठेवायचं हा प्रश्न. हंगामी वसतिगृहं, साखरशाळा हे सगळं त्यातूनच आलं. आता बालसंगोपन योजनेत बसणाऱ्या लेकराला घरीच ठेवून महिन्याला २,२५० रुपये मिळतात. तेव्हा असं काही असतं तर आमचं निम्मं रजिस्टर कोरं राहिलं असतं, असं मला तरी वाटतं.

रिमांड होमचा धागा वेगळा, तो तुमच्या संस्थेशी मिसळू नका. ती कामं जिल्हा परिविक्षा व अनुरक्षण संघटनेकडं असायची, तिथं जिल्हाधिकारी किंवा न्यायाधीश अध्यक्ष. पण गावाला फरक कळत नव्हता. 'रिमांड होमात टाकीन' ही धमकी आमच्या पोरांनाही ऐकावी लागायची. पुढं १९८६, २०००, २०१५ असे कायदे बदलत गेले आणि आता बालकल्याण समितीच्या आदेशाशिवाय कुणालाही असं परस्पर ठेवता येत नाही. ते बरंच झालं. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तर वेगळाच काळ सुरू झाला. बाहेरून मदत आली, शांतिलाल मुथ्थांनी बाराशे मुलं पुण्याला नेली, नळदुर्गला पन्नालाल सुराणांच्या पुढाकारानं 'आपलं घर' हे मुलांचं वसतिगृह उभं राहिलं. त्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय.

आता शोधायचं कुठं. सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात जाऊन संस्थेचा परिशिष्ट एकचा उतारा मागा. तिथं सगळे 'शेड्यूल वन'च म्हणतात. लेटरहेडवर 'एफ' पुढं जो आकडा, म्हणजे न्यासाचा नोंदणी क्रमांक, आहे तो सोबत न्या. जुने फेरफार अहवाल, म्हणजे विश्वस्त बदलल्याच्या नोंदी, निघाले तर विश्वस्तांची नावं सालवार मिळतील. संभाजीनगरला पुराभिलेख कार्यालय आहे, तिथं निजामकाळातला कागद बघताना गावांची जुनी नावं विचारा. अंबाजोगाई तिथं मोमिनाबाद म्हणून सापडेल. उर्दू वाचणारं माणूस सोबत असू द्या. मी एका निवृत्त मौलवी साहेबांना चहा पाजून पाजून वाचून घेतलं.

त्याआधी मात्र बालसदनाच्या अडगळीच्या खोलीत डोकावा. वाळवी कायदे बघत नाही. आणि आजोबांचं नाव संस्थापकांच्या यादीत आहे की नाही याची फार काळजी करू नका, आधी धान्याची वही सापडते का बघा. त्यात 'अमुक यांजकडून ज्वारी दोन पायल्या' अशी ओळ निघाली तर त्या पानाचा फोटो इथं टाका. तारीख फसली असेल तर मी लावून देतो.