पहिली क्रूझ: आधी डेक-प्लॅन, मग खिडकी

मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे जाणाऱ्या जहाजांबद्दल जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं या अंकात देत आहोत. केबिनचा प्रश्न जवळपास प्रत्येकाने विचारला आहे, म्हणून तो आधी आणि सविस्तर घेतला आहे.

आम्ही सहा जण आहोत. सासू-सासरे (सासऱ्यांचे गुडघे दुखतात), आम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी. एजंट म्हणतो, चौघांची एक आणि दोघांची एक अशा दोन केबिन घ्या, आणि बाल्कनी नसेल तर क्रूझला जाण्यात अर्थच नाही. खरं आहे का?
– एक वाचक, पाचोरा

बाल्कनीचा आग्रह आधी बाजूला ठेवा. केबिन जहाजाच्या कुठल्या भागात आहे, तिच्या वर-खाली काय आहे आणि आत कोण कुठल्या पलंगावर झोपणार, हे ठरलं की खिडकीचं बघता येतं. लोक नेमकं उलटं करतात आणि रात्री झोप लागली नाही की जहाजाला नावं ठेवतात.

चौघांची केबिन म्हणजे मोठी खोली असा बऱ्याच जणांचा समज असतो. बहुतेक जहाजांवर ती दोघांचीच खोली असते, तिसरा आणि चौथा बिछाना भिंतीत किंवा छतात दुमडलेला असतो. संध्याकाळी स्टुअर्ड (केबिनची देखभाल करणारा कर्मचारी) तो उघडून खाली ओढतो आणि शिडी लावून देतो. वरचा बिछाना उघडला की खालच्या पलंगावर ताठ बसता येत नाही, उठताना डोकं आपटतं. शिडी दोन पलंगांच्या मधल्या जागेत येते, त्यामुळे पुष्कळ केबिनमध्ये खालचे पलंग जोडून डबल बेड करता येत नाही. चार माणसं, चार बॅगा आणि एकच बाथरूम अशा खोलीत सकाळी सगळ्यांना एकदम आवरता येत नाही.

चार वर्षांच्या मुलीला वर झोपवायचं नाही, हे पक्कं धरा. बिछान्याला कठडा असतो, पण तो झोपेत लोळणाऱ्या लहान मुलासाठी पुरेसा नसतो, आणि रात्री अंधारात शिडी उतरणं तिला जमणार नाही. म्हणून वाटणी अशी करा: सासू-सासरे खालच्या दोन पलंगांवर आणि नातू त्यांच्या वर. दुसऱ्या केबिनमध्ये तुम्ही दोघं आणि मुलगी. तिथे मुलीला आईजवळ खाली घ्या, वडिलांनी वर जावं. नऊ वर्षांच्या मुलाला वरची जागा आवडतेच, आणि आजी-आजोबांना रात्री काही लागलं तर हाक मारायला खोलीत कोणीतरी असतं.

आता जागा. लाटेवर जहाजाचं पुढचं आणि मागचं टोक वर-खाली होतं, मधला भाग त्या मानाने स्थिर राहतो. सी-सॉच्या मधोमध बसलेल्याला कमी झोका लागतो, तसंच. डाव्या-उजव्या बाजूला होणारं डोलणंही वरच्या डेकवर (मजल्यावर) जास्त जाणवतं. तेव्हा दोन्ही केबिन मध्यभागी आणि खालच्या किंवा मधल्या डेकवर घ्या. पुढच्या टोकाला बंदरात शिरताना नांगराच्या साखळीचा आणि जहाज आडवं सरकवणाऱ्या पंख्यांचा आवाज येतो, तोही अनेकदा पहाटे. अगदी मागे इंजिनाची थरथर असते. काही वेळा ती इतकी असते की काचेचा ग्लास टेबलावर किणकिणतो.

मग डेक-प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, उघडा. तो कंपनीच्या वेबसाइटवर असतो, एजंटकडूनही मागता येतो. तुमच्या केबिनच्या बरोबर वरचा आणि बरोबर खालचा डेक बघा. दोन्हीकडे केबिनच असतील तर उत्तम. वर पोहण्याचा तलाव असेल तर सकाळी लवकर खुर्च्या ओढण्याचा आवाज येतो, वर किचन असेल तर ट्रॉल्यांचा. डिस्को किंवा थिएटर खाली असलं की मध्यरात्रीपर्यंत भिंतीतून धडधड ऐकू येते. लिफ्टच्या अगदी दाराशी केबिन नको, पण दोन-चार दारं सोडून असेल तर सासऱ्यांची सोय होते. जहाजातले पॅसेज लांब असतात, दिवसातून पाच-सहा वेळा ये-जा केली तरी गुडघे बोलू लागतात.

एवढं जमल्यावर खिडकी. तुमच्यासाठी आमचा सल्ला असा: सासू-सासऱ्यांना समुद्र दिसणारी, न उघडणाऱ्या काचेची केबिन, आणि त्याच पॅसेजमध्ये समोर तुमची आतली, बिनखिडकीची. आतली केबिन सगळ्यात स्वस्त असते आणि तिथे दिवसाही मिट्ट काळोख करता येतो, मुलं दुपारची गाढ झोपतात. सकाळ झाली हे मात्र कळत नाही. बॅटरीवर चालणारा छोटा दिवा न्या, नाहीतर मुलगी रात्री उठून बाथरूम शोधत बसेल. समुद्र बघायचा तो डेकवर जाऊन, तिथे सगळ्यांना तोच समुद्र दिसतो. बाल्कनीत पैसे जास्त जातात आणि चार वर्षांची मुलगी असताना बाल्कनीच्या दारावर सतत लक्ष ठेवावं लागतं, खुर्ची कठड्यापाशी राहिली की धोका.

समुद्र दिसणारी केबिन घेताना ‘अडथळा असलेला देखावा’ असा शेरा आहे का ते विचारा. काही खिडक्यांसमोर लाइफबोटी टांगलेल्या असतात आणि बाहेर नुसती बोटीची केशरी पाठ दिसते. एजंट ‘गॅरंटी केबिन’ देऊ लागला तर समजून घ्या: दर कमी असतो, पण केबिनचा नंबर कंपनी नंतर ठरवते. दोघांनी जायचं असेल तर हरकत नाही. तुम्हाला दोन केबिन जवळ हव्यात, तेव्हा नंबर हातात आल्याशिवाय पैसे भरू नका.

एका केबिनमध्ये आयत्या वेळी आणखी एक मूल घुसवता येत नाही, हेही लक्षात असू द्या. जहाजावरची माणसं लाइफबोटीतल्या जागांच्या हिशेबाने मोजलेली असतात आणि तान्हं बाळही त्यात धरलं जातं. बाळ सहा महिन्यांहून लहान असेल तर बहुतेक कंपन्या घेतच नाहीत. प्रवास संपेपर्यंत २४ आठवडे पूर्ण होणाऱ्या गर्भवतीलाही नाही.

आखाजीला दोन्ही मुली माहेरी येतात. तेव्हाच सगळ्यांनी मिळून क्रूझला जावं असं मनात आहे. समुद्र कसा असेल?
– एक वाचक, रावेर

तिथी कुठे पडते त्यावर आहे. आखाजी कधी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात येते, कधी मेच्या मध्यावर. एप्रिलमध्ये अरबी समुद्र साधारण शांत असतो, मात्र डेकवर दुपारी उभं राहवत नाही. आपल्याकडचं ऊन कोरडं, तिकडे घामाने कपडे अंगाला चिकटतात. मेचा उत्तरार्ध टाळा. मान्सूनपूर्व वादळं त्याच सुमारास उठतात. २०२१ च्या मे महिन्यातलं तौक्ते चक्रीवादळ पश्चिम किनाऱ्यावरूनच वर गेलं होतं. जून ते सप्टेंबर हा समुद्र खवळलेला असतो. निवांत प्रवास हवा असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मुलींना सासरहून दिवाळीनंतर चार दिवस काढता येत असतील तर तेच बघा.

लक्षद्वीपची सफर निवडत असाल तर आणखी एक गोष्ट. तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, ते खोल पाण्यात उभं राहतं आणि लहान बोटीतून बेटावर नेतात. हलत्या बोटीत पाऊल टाकावं लागतं. वयस्कर माणसांना ते कठीण जातं, आणि वारा असला तर बेटावर उतरणंच रद्द होऊ शकतं. गोव्यात जहाज मुरगावला धक्क्याला लागतं, शिडीवरून सरळ खाली. तिथून पणजी सुमारे ३० किलोमीटर आहे, तेव्हा पाच-सहा तासांच्या मुक्कामात उत्तर आणि दक्षिण गोवा दोन्ही करायला जाऊ नका.

पत्नीला सप्तशृंगीच्या घाटातही गाडी लागते. बोट लागली तर काय करायचं?
– एक वाचक, धुळे

बोट लागते ती डोळे आणि कान यांची सांगड तुटल्यामुळे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग ‘हलतोय’ म्हणतो आणि डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसते. म्हणून खोलीत बसून मोबाइल बघितला की त्रास वाढतो आणि मोकळ्या डेकवर क्षितिजाकडे बघितलं की कमी होतो. डेकवर जाता येत नसेल तर खोलीत डोळे मिटून आडवं पडावं, नुसतं बसू नये.

गोळी वेळेवर घेतली तरच उपयोग. प्रोमेथॅझिन किंवा मेक्लिझिन ही नेहमीची औषधं. प्रोमेथॅझिन आदल्या रात्री किंवा निघण्याआधी तास-दोन तास घ्यायचं. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात ठरत नाही. दोन्हींनी झोप येते, त्यांच्यासोबत मद्य नको. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. दोन वर्षांखालच्या मुलांना प्रोमेथॅझिन देत नाहीत, मोठ्या मुलांचा डोस बालरोगतज्ज्ञांकडून लिहून घ्या. पोट रिकामं ठेवल्याने मळमळ कमी होत नाही, वाढते. थोडं कोरडं खात राहा. आलेपाक जवळ ठेवायला हरकत नाही.

जहाज दुपारनंतर सुटतं. शहाद्याहून त्याच दिवशी सकाळी पोचलं तर चालेल का? कागदपत्रं काय लागतात?
– एक वाचक, शहादा

आदल्या दिवशी पोचा. तिकिटावर जहाज सुटायची वेळ मोठ्या अक्षरांत असते, पण चेक-इन त्याआधीच बंद होतं. ती वेळ वेगळी शोधून लिहून ठेवा. जहाज कोणासाठी थांबत नाही आणि उशीर झाला तर पैसेही परत मिळत नाहीत. नंदुरबारमार्गे जाणारी खान्देश एक्स्प्रेस तुम्हाला सोयीची, ती कोणत्या वारी आहे ते पाहून सफरीची तारीख ठरवा. जळगाव, भुसावळकडच्यांना रात्रीच्या अमरावती किंवा विदर्भ एक्स्प्रेसने सीएसएमटीला उतरता येतं, तिथून क्रूझचा धक्का, बॅलार्ड पिअर, दीड-दोन किलोमीटरवर आहे. धुळ्याहून गाडीने येणाऱ्यांनी कसारा घाट आणि भिवंडीच्या कोंडीचा वेळ वेगळा धरावा.

देशातल्या सफरीला प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र न्या: आधार, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट. पॅन कार्डावर विसंबू नका. लहान मुलांचा आधार किंवा जन्मदाखला हवा. बुकिंगवरचं नाव ओळखपत्राशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. मुलीचं आधार माहेरच्या नावाचं आणि बुकिंग सासरच्या नावाने, ही चूक फार होते. ती बुकिंगच्या दिवशीच दुरुस्त करा. परदेशी बंदर असेल तर पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने चालणारा असावा.

आई इन्सुलिन घेते आणि आम्ही जैन जेवण घेतो. जहाजावर कसं जमतं?
– एक वाचक, अमळनेर

जेवणाची नोंद बुकिंग करतानाच करा, आणि पहिल्या दिवशी रेस्टॉरंटच्या मॅनेजरला भेटून पुन्हा सांगा. बुफेवर ‘व्हेज’ लिहिलेल्या पदार्थात कांदा-लसूण असतोच, बटाटाही असतो. घरचं शिजवलेलं अन्न बहुतेक जहाजांवर चालत नाही. सीलबंद खाकरा, बाळाचं बंद डब्यातलं अन्न यांबद्दल कंपनीला आधी लेखी विचारा.

इन्सुलिन हातातल्या पिशवीत हवं, मोठ्या बॅगेत कधीच नाही. ती बॅग तासन् तास धक्क्यावर उन्हात राहू शकते. केबिनमधला छोटा फ्रिज अनेकदा नुसता गार असतो, औषधाच्या फ्रिजइतका थंड नाही. न उघडलेल्या बाटल्या जहाजाच्या दवाखान्यातल्या फ्रिजमध्ये ठेवून घ्या. वापरात असलेलं इन्सुलिन एसी खोलीत साधारण चार आठवडे टिकतं, तरी पाकिटावरची मुदत वाचा. सुया टाकायला स्टुअर्डकडे खास डबा मागा, कचऱ्याच्या टोपलीत टाकू नका. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल वेगळं लागतं. प्रवास विमा त्यासाठीच घ्यायचा.

आणि जेवणाआधी हात साबणाने धुवा, सगळ्यांनी. जहाजांवर जुलाब-उलट्यांची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर नुसतं सॅनिटायझर नीट काम करत नाही.

बॅगेत काय न्यावं, काय नाही? रोजची पूजा चुकवायची नाही.
– एक वाचक, चोपडा

पूजा करा, पण निरांजन, उदबत्ती, कापूर काहीही पेटवू नका. जहाजावर सगळ्यात मोठी भीती आगीची असते, काडेपेटी तपासणीतच काढून घेतात. इस्त्री, पाण्याची किटली, एक्स्टेन्शन बोर्डही त्याच कारणाने नाही. भाजी चिरायची सुरी, स्वतःचं मद्य, तेही नाही.

मोठ्या बॅगा टर्मिनलवर टॅग लावून द्यायच्या असतात, त्या केबिनच्या दाराशी संध्याकाळपर्यंत येतात. तोवर लागणारं सगळं हातात ठेवा: औषधं, ओळखपत्रं, चार्जर, पॉवर बँक, मुलांचा एक कपड्यांचा जोड आणि पोहण्याचे कपडे. परतीच्या आदल्या रात्री बॅगा बाहेर ठेवायला सांगितलं तर सकाळचे कपडे आणि चपला आत राहिल्या आहेत ना, ते बघा. केबिनच्या भिंती बहुधा लोखंडी पत्र्याच्या असतात, त्यांना चुंबकाचे हुक चिकटतात. असे सहा-आठ हुक नेले तर टोप्या, पिशव्या, ओले टॉवेल जमिनीवर राहत नाहीत. रबरी तळाच्या चपला हव्यातच, बाथरूमला उंबरा असतो आणि ओला डेक निसरडा.

पहिल्या दिवशी सुरक्षेची कवायत होते. ती टाळू नका. इटलीजवळ १३ जानेवारी २०१२ रोजी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडलं तेव्हा नुकत्याच चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. २०१५ पासून ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेणं नियमाने बंधनकारक आहे. सात छोटे आणि एक लांब भोंगा ऐकला की लाइफ जॅकेट घेऊन आपल्या केबिनच्या कार्डावर लिहिलेल्या जागी जायचं. मुलांनाही ती जागा चालत जाऊन दाखवा, आणि जिना वापरून, कारण त्या वेळी लिफ्ट वापरायची नसते.

जाहिरातीतल्या दराशिवाय आणखी किती जातात?
– एक वाचक, भुसावळ

जाहिरातीतला दर बहुधा दोघांच्या केबिनमधल्या एका माणसाचा असतो. त्यावर बंदर शुल्क, जीएसटी आणि सेवाशुल्क लागतं, म्हणून एजंटकडून ‘सगळं धरून, घरातल्या सगळ्यांचं’ असा एकच आकडा लिहून घ्या. एकटा माणूस असेल तर पूर्ण केबिनच्या जवळपास भाडं पडतं. थंड पेयं, मद्य, काही खास रेस्टॉरंट, वाय-फाय आणि किनाऱ्यावरच्या सहली वेगळ्या. खर्च केबिनच्या कार्डावर चढत जातो, तेव्हा मुलांच्या कार्डावरची खरेदी रिसेप्शनवर सांगून बंद करा.

किनारा दूर गेला की मोबाइलची रेंज जाते आणि काही जहाजांवर फोन आपोआप जहाजाचं महागडं नेटवर्क पकडतो. सुटल्याबरोबर फोन एअरप्लेन मोडवर टाका, घरी तसं आधीच सांगून ठेवा. शेवटच्या रात्री बिलाची प्रत मागून तपासा. सकाळी काउंटरवर मोठी रांग असते आणि चुकीची नोंद काढायला तेव्हा वेळ मिळत नाही.