वाचक विचारतात: रीचरचं ते गाव मला ओळखीचं वाटलं

मागच्या अंकात सहज लिहून गेलो होतो की रात्री जागलीवर बसून रीचर पाहून राहिलो, तुम्ही पाहिली असेल तर कळवा. तर पत्रं अन् व्हॉट्सॲप एवढे आले की या वेळचे सगळे सवाल त्याच्यावरचेच घेतो. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, जॅक रीचर हा अमेरिकेच्या लष्करी पोलिसातून निघालेला मेजर, घर नाही, गाडी नाही, खिशात घडीचा टूथब्रश, बसमधून वाटलं तिथं उतरतो अन् तिथं काहीतरी भानगड निघतेच. ली चाइल्ड या इंग्रज लेखकाच्या कादंबऱ्यांवरून प्राइम व्हिडिओवर २०२२ मध्ये ही सिरीज सुरू झाली, हिंदीत पण आहे. मी तीन सीझन पाहिले, पहिला तर दोनदा.

सर, सिरीज पाहून मी पुस्तक मागवलं. पुस्तकातला रीचर सारखा विचार करते, सिरीजमधला नुसता ठोकते. तुम्हाला नाही वाटत का असं? (एक शिक्षिका, आर्वी तालुका)

मॅडम, मला पण आधी तसंच वाटलं होतं. पहिलं पुस्तक किलिंग फ्लोर, १९९७ चं, ते पूर्ण ‘मी’ करून सांगितलेलं आहे त्यामुळे त्याच्या डोक्यात काय चाललं ते पानोपानी कळते, पडद्यावर ते दाखवायचं कसं? मग सिरीजवाल्यांनी त्याचा विचार दुसऱ्यांशी बोलण्यात आणला, त्या गावचे पोलीस फिनले अन् रॉस्को आहेत, अन् नीगली, त्याची लष्करातली जुनी साथीदार, ती तर पहिल्या पुस्तकात नाहीच, सहाव्या पुस्तकात म्हणजे २००२ च्या विदाउट फेलमध्ये पहिल्यांदा येते, पण इथं तिला पहिल्याच सीझनमध्ये आणली, कारण याला मनातलं बोलायला जुनं माणूस पाहिजे होतं. मला हा बदल एकदम पटला.

अन् नुसता ठोकते म्हणता, तर पहिल्या भागाची सुरुवात परत पाहा. हॉटेलच्या बाहेर एक माणूस आपल्या बाईवर तणतण करून राहिला, रीचर चालता चालता थांबते अन् त्याच्याकडं पाहते, बस एवढंच, एक शब्द नाही, हात उचलणं नाही, अन् तो माणूस हळूहळू ढिला पडत जाते अन् शेवटी त्या बाईची माफी मागते. पुढं आठ भागात कितीतरी हाणामाऱ्या आहेत पण माझ्या ध्यानात तेच बसलं. नंतर तो आत जाऊन बसते, पुस्तकात अंडी अन् कॉफी, सिरीजमध्ये पीच पाय म्हणजे पीचचं फळ भरून भाजलेला गोड पदार्थ, अन् पोलीस येऊन त्याला खुनाच्या नावानं उचलून नेतात, तेव्हा पण हा पळत नाही. पुस्तकात न पळण्याचं कारण तो स्वतः सांगते, इथं ॲलन रिचसनच्या चेहऱ्यावरून आपणच समजून घ्यायचं. मला तर तो चेहरा पुरला.

भाऊ, टॉम क्रूझचा पिक्चर चांगला का ही सिरीज? आमच्या इथं पोट्टे रोज भांडून राहिले. (दिग्रसवरून)

सिरीज. टॉम क्रूझ मेहनती माणूस आहे, त्याचे दोन पिक्चर आले, २०१२ अन् २०१६ मध्ये, पण पुस्तकातला रीचर सहा फूट पाच इंच, वजन एकशे दहा किलोच्या वर, तो दारात उभा राहिला की खोलीतल्या माणसांचं वागणंच बदलते, गोष्टीचा अर्धा भाग त्या अंगावर चालते. वाचक तेव्हापासून ओरडून राहिले होते अन् २०१८ मध्ये खुद्द लेखकानं मान्य केलं की वाचकांचं बरोबर आहे. तुमच्या पोट्ट्यांना हे वाचून दाखवा.

गावातले सगळे एका माणसाच्या खिशात, पोलीसबी, महापौरबी, दुकानदारबी. हे खरंच असते काय जी, का पिक्चरची गोष्ट? मले तर खोटं वाटलं. (एक शेतकरी, घाटंजी तालुका)

दादा, मला या पूर्ण सिरीजमध्ये हेच सगळ्यात खरं वाटलं. मार्ग्रेव्ह नावाचं गाव जॉर्जियात दाखवलं, तसं गाव नकाशावर नाही, लेखकानं केलेलं आहे अन् सिरीजचं शूटिंग तर कॅनडात झालं. पुस्तकात ते कसं ध्यानात येते पाहा, रस्ते चकाचक, दुकानांना ताजा रंग, पण गिऱ्हाईक कुठंच नाही, न्हाव्याच्या दुकानात पण नाही. मग दुकानं चालतात कशी? तर क्लायनर म्हणून एक शेठ आहे, त्याच्या फाउंडेशनकडून प्रत्येक दुकानदाराला दर आठवड्याला हजार डॉलर मिळतात. कोणाला मारलं नाही, कोणाला धमकी नाही, फक्त पैसे मिळतात अन् माणसं काही विचारत नाहीत. ते वाचलं अन् मी पुस्तक खाली ठेवून दिलं.

कारण आमच्या गावात हे मी लहानपणी पाहिलं आहे. नाव घेत नाही, तो माणूस आता नाही. कापूस तोच घ्यायचा, बी-बियाणं खत त्याच्याच दुकानातून, अन् लग्नाला, दवाखान्याला पैसे पण त्याच्याचकडून. देवळाचं पत्र्याचं छत त्यानं टाकून दिलं, शाळेला पंखे दिले, लोक त्याला देवमाणूस म्हणत. एका वर्षी बाबांची बंडी भरून कापूस नेला, मी वर बसलो होतो, काट्यावर वजन झालं अन् बाबांनी घरी मोजलं होतं त्याहून कमी निघालं, वरून कडता म्हणजे वजनातली कापणी वेगळी. मी मोठ्यानं म्हणालो बाबा हे तर कमी आहे. बाबांनी माझ्या मांडीवर हात ठेवला, जोरात, अन् तो हात तिथंच राहू दिला. घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. ताईच्या लग्नाचे पैसे त्याच्याकडून आणले होते हे मला खूप वर्षांनी कळलं.

म्हणून मार्ग्रेव्हमधले गप्प बसलेले लोक पाहून मला त्यांचा राग नाही आला. शहरातले मित्र म्हणतात एवढं सगळं चाललं अन् कोणाला कळलंच नाही, कसं शक्य आहे. कळते ना, सगळ्यांना कळते, पण ज्याच्या हातून घरात पीठ येते त्याच्यापुढं तोंड उघडायचं म्हणजे काय असते ते गावात राहिलेल्यालाच समजते. बाहेरून आलेला, कोणाचं काही देणं नसलेला माणूसच तिथं बोलू शकते, अन् रीचर तसा आहे म्हणून ही गोष्ट चालते, त्याच्या दंडांमुळं नाही. तुमच्या आसपास असा माणूस कधी झालाच नसेल तर तुमचं गाव नशीबवान आहे दादा.

नोट धुवून तिची मोठी नोट करायची, हे खरंच होते का? (कॉलेजचा विद्यार्थी, हिंगणघाट)

ज्यांनी पहिला सीझन पाहिला नाही त्यांनी हे उत्तर सोडून द्या, रहस्य इथंच आहे.

अमेरिकेत एक डॉलरची नोट अन् शंभर डॉलरची नोट एकाच मापाची, एकाच कागदाची. तो कागद १८७९ पासून क्रेन नावाची एकच कंपनी सरकारला देऊन राहिली, बाहेर मिळत नाही. म्हणून गोष्टीतले लोक खऱ्या एक डॉलरची शाई काढून त्याच कागदावर शंभरची नोट छापतात, कागद खरा असल्यामुळं हाताला फरक लागत नाही. तसे प्रकार तिकडं खरोखर पकडले गेले आहेत, अन् नकली नोटा रोखायला पुढं शंभरच्या नोटेत नवीन नवीन खुणा आल्या. आपल्याकडं ही युक्ती मापावरच अडकते, दहाची नोट ६३ बाय १२३ मिलिमीटर अन् पाचशेची ६६ बाय १५०, दहाच्या कागदात पाचशे बसणारच नाही.

अन् हिंगणघाटच्या पोराला एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, तो डॉलरचा कागद लाकडाचा नसते, ७५ टक्के कापूस अन् २५ टक्के लिनन, आपली नोट पण कापसाचीच. ज्या पऱ्हाटीला आपण भाव मिळत नाही म्हणून रडतो तिच्याच बोंडातून नोट होते, हे मला ही सिरीज पाहिल्यावर शोधता शोधता कळलं अन् दोन दिवस डोक्यातून गेलं नाही.

माझा मुलगा सातवीत आहे, तो मामाच्या मोबाईलवर लपून पाहतो अन् लहान भावाला डोकं मारून दाखवतो. पाहू द्यावं का? (एक आई, वरुड तालुका)

नाही ताई, अजिबात नाही. पहिल्या सीझनमध्ये एका घरातल्या खुनाचं दृश्य आहे ते मला मोठ्या माणसाला रात्री आठवत राहिलं. मोबाईलमध्ये लहान मुलांचं वेगळं प्रोफाइल करून पिन टाकून देता येते, मामाला सांगा. अन् पोराला रागावू नका, डोक्याला डोकं मारल्यावर खऱ्या माणसाचं काय होते ते गावातल्या डॉक्टरकडून त्याला ऐकवा, घरच्यांपेक्षा त्यांचं ऐकेल.

ज्याले घर नाही दार नाही, बायको-लेकरू नाही, असा माणूस हिरो कसा? नातू दाखवते म्हणून पाहतो, मन नाही लागत. (एक आजोबा, दर्यापूर)

आजोबा, तुम्ही तर गाडगेबाबांच्या मुलखातले. तुलना मी करत नाही, कुठं बाबा अन् कुठं हा मारामारीवाला, पण अंगावरच्या कपड्यानिशी गावोगाव फिरायचं, कोणाचं घेऊन ठेवायचं नाही म्हणून कोणाला भ्यायचं नाही, असं माणूस आपल्या लोकांनी डोळ्यानं पाहिलं आहे. रीचर कपडे धूत पण नाही, नवे स्वस्तातले घेते अन् जुने टाकून देते, हे मला पण पटत नाही. नातवासोबत बसता ना, ते चालू ठेवा.

दुसरा सीझन तेवढा नाही जमला, तिसरा पुन्हा जमला. तुमचं मत? (मूलवरून)

माझं पण हेच. दुसरा बॅड लक अँड ट्रबलवर आहे, पुस्तकात लॉस एंजेलिस, सिरीजमध्ये न्यूयॉर्क, जुने दोस्त भेटतात, गप्पा, गाड्या, पण गाव नाही. रीचर माणसात मिसळला की साधा होऊन जाते. तिसरा २०२५ मध्ये आला, परस्वेडर कादंबरीवर, त्यात अमेरिकेतल्या मेन राज्याच्या समुद्रकाठचं एक बंदिस्त घर आहे अन् हा खोटा चेहरा घेऊन आत राहते, तिथं परत तीच दबलेली माणसं भेटतात. अन् फाटकावरचा तो पावली, ते काम करणारा ऑलिव्हियर रिक्टर्स सात फुटांच्या वर उंच आहे, त्याच्यापुढं रीचर पहिल्यांदा लहान दिसला अन् मला पहिल्यांदा त्याची काळजी वाटली.

आपल्या मराठीत अशी सिरीज होईल का? आमच्या वाचनालयात एका काळी रहस्यकथांवर उड्या पडायच्या. (वाचनालय सांभाळणारे एक काका, चांदूर रेल्वे)

काका, माल तर आपल्याकडं कोठीभर आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, त्यांचा झुंजार, त्यांचा काळापहाड, माझे बाबा दिव्याखाली वाचायचे अन् पुस्तक परत करायच्या दिवशी मला सायकलवर पाठवायचे. नंतर गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर. फक्त कोणी करायला घेतलं तर माझं एकच म्हणणं आहे, रीचरवाल्यांनी केलं तसं एका सीझनला एकच पुस्तक घ्या, दहा पुस्तकांची खिचडी करू नका, अन् मुंबई-पुण्यातच नका अडकू, एखादं जिनिंग असलेलं तालुक्याचं गाव घ्या.

तुमच्याकडं अर्नाळकरांच्या किती प्रती राहिल्या ते कळवा, फाटक्या असल्या तरी चालते. तूर सोंगून झाली की एक दिवस येतो, पानं चिकटवायला खळ मीच घेऊन येतो.