हवेच्या नळीत बोल्ट ठोकू नकोस

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुर्भ्याच्या गॅरेजात तुझं बस्तान बसतंय हे वाचून बरं वाटलं. पण रेस सोडली की सायलेन्सर फटफटतो, म्हणून तुमचे उस्ताद इंजिनाच्या हेडकडे जाणाऱ्या हवेच्या नळीत बोल्ट ठोकून मोकळे होतात, हे पटलं नाही. लगेच वाद घालू नकोस. आधी ती नळी काय करते ते समजून घे.

इंजिनात सगळं पेट्रोल जळत नाही. थोडं कच्चं पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड तापलेल्या धुराबरोबर बाहेर येतं. उष्णता आहे, जळायला माल आहे, कमी पडतो तो ऑक्सिजन. म्हणून एक्झॉस्ट पोर्टच्या, म्हणजे हेडमधून धूर बाहेर पडतो त्या वाटेच्या, तोंडाशीच ताजी हवा सोडायची, की बराचसा उरलासुरला माल तिथेच जळून कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होते. कॅलिफोर्नियात १९६६च्या मॉडेलपासून मोटारींना यासाठी पट्ट्यावर फिरणारा पंप लावू लागले. बाईकला पंप लागत नाही. धूर धक्क्याधक्क्याने निघतो. दोन धक्क्यांमध्ये पोर्टमध्ये क्षणभर ओढ तयार होते, रीड व्हॉल्व्हची पातळ पत्ती उघडते आणि एअर क्लीनरची हवा आत जाते. पुढचा धक्का आला की पत्ती मिटते.

पीयूसीवाले म्हणतील, नुसती हवा मिसळून मोनॉक्साइडचा टक्का उतरवलाय. अर्धं खरं आहे. सायलेन्सरात घातलेल्या त्यांच्या प्रोबला टक्का दिसतो, त्यात हवेने पातळ होण्याचा वाटा असतोच. पण कंपनीला गाडी पास करून घेताना किलोमीटरमागे ग्रॅम मोजून द्यावे लागतात; बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमांत दुचाकीसाठी मोनॉक्साइडची मर्यादा किलोमीटरला १ ग्रॅम आहे. हवा मिसळून ग्रॅम घटत नाहीत, जाळूनच घटतात. नायट्रोजन ऑक्साइडवर मात्र या नळीचा इलाज नाही.

मोटारीत हा पंप असला, तर थंड इंजिन सुरू झाल्यावर थोडाच वेळ चालतो, धूर स्वच्छ करणारा गार कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून. पुढे जादा हवा धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरलाच गंडवते.

आता तुझी फटफट. रेस एकदम सोडली की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरात उतरतं, त्याला हवा मिळाली की भडका. म्हणून तेवढ्यापुरती हवा तोडायला मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळीच्या) व्हॅक्यूमवर, म्हणजे ओढीवर, चालणारा कट-ऑफ व्हॉल्व्ह दिलेला असतो. बहुधा त्याचा डायफ्रॅम, म्हणजे आतला पातळ पडदा, फाटलेला असतो, नाहीतर व्हॅक्यूमची बारीक नळी तडकलेली. सायलेन्सरचं गॅस्केटही बघ, तिथूनही हवा शिरते.

गाडी गरम करून आयडलवर ठेव, नळीचं एअर क्लीनरकडचं टोक काढ आणि त्यापाशी बोट धर. ओढ लागली पाहिजे. उलट गरम फुंकर आली, नळीत काजळी दिसली, तर पत्ती वाकलीय किंवा कार्बन अडकलाय. मग हातपंपाने कट-ऑफला व्हॅक्यूम दे. ओढ थांबली नाही तर तो व्हॉल्व्ह गेला. हे उस्तादांच्या डोळ्यांदेखत कर, म्हणजे बोलावं लागणार नाही.

रविवारी ठाण्याला आलास तर वागळे इस्टेटला ये. एक जुना व्हॉल्व्ह कापून ठेवलाय, पत्ती हाताळून बघ.

तुझा,
काका