साखरपुडा झालाय, पाच-सहा जोडप्यांसोबत बसून समुपदेशन घ्यावं का?

घ्या. परभणीत मी स्वतःच अशा बैठका घेते, त्यामुळे माझं मत एकतर्फी आहे असं धरूनच पुढचं वाचा.

अनोळखी लोकांसमोर घरातलं उघडं पडेल, अशी भीती तुम्ही लिहिली आहे. इथलं बाहेर जाणार नाही आणि नको त्या प्रश्नावर गप्प बसता येईल, हे सुरुवातीलाच ठरतं. तरी आपल्याकडं दोन घरांआड सोयरीक निघते. नाव नोंदवतानाच विचारा, पाहुण्यांपैकी कुणी आहे का. असेल तर दुसरा गट मागा.

गटात जायचं ते बोलण्यापेक्षा ऐकण्यासाठी. एकदा मी सगळ्यांना वेगवेगळ्या कागदावर लिहायला लावलं: पगारातले किती पैसे गावी पाठवायचे? चाकणला कंपनीत असलेल्या मुलानं लिहिलं 'निम्मे'. त्याच्या होणाऱ्या बायकोनं लिहिलं 'सणावाराला, लागतील तसे'. ती दोघं हसली, पण शेजारचं जोडपं पेटलं. "बहिणीच्या लग्नाचं कर्ज अजून फिटायचंय, हे मला आज कळतंय?" हॉल, मानपान, आहेराच्या साड्या, सगळं बोलून झालं होतं, कर्ज तेवढं राहिलं होतं.

मग मी रुमाल काढते. ज्याच्या हातात रुमाल त्यानंच बोलायचं. समोरच्यानं ऐकलेलं आधी आपल्या शब्दांत सांगायचं, उत्तर नंतर. ही पद्धत अमेरिकेतल्या डेन्व्हर विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड मार्कमन आणि स्कॉट स्टॅन्ली यांच्या जोडप्यांसाठीच्या प्रशिक्षण कार्यक्रमातली. सोपी वाटते, पण बहुतेकांचं पहिलं वाक्य 'पण'नंच सुरू होतं.

शरीरसंबंध, जुनं प्रेम, आजारपण यासाठी दोघांचीच वेगळी वेळ मागा. थॅलेसेमिया हा आईवडिलांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार; त्याची वाहक तपासणी मात्र आत्ताच करा. वाहकाला स्वतःला बहुधा त्रास नसतो, पण दोष पुढं जाऊ शकतो. दोघंही वाहक असाल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार गंभीर स्वरूपात होण्याची शक्यता २५ टक्के असते. हुंड्याची मागणी किंवा हात उगारणं हा गटात समेट घडवण्याचा विषयच नाही. हुंडा १९६१ च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे.

आणि जायचं तर पत्रिका छापायच्या आधी जा. पत्रिका वाटून आलेली जोडपी नुसत्या माना डोलावतात. खटकलेलं बोलायची हिंमत तोवर कुणात उरलेली नसते.